चांद्याची धाकटी पाती

वडशाहून गाडी चांदा फोर्टला जाते. हा चांदा नागपूरकर भोसल्यांच्या धाकट्या पातीचा वाटा. पहिले रघूजी १७५५ मध्ये वारले. वयाने थोरल्या जानोजींना नागपूर व सेनासाहेबसुभा हे पद मिळाले. मुधोजींना चांदा आणि सेनाधुरंधर हा किताब. जर्मन राजघराण्यांतही मुलखाच्या अशा वाटण्या होत. थोरली शाखा खुंटली की धाकटी पुढे येई. इथेही तेच झाले. निपुत्रिक जानोजींनी दत्तकासाठी मुधोजींचाच मुलगा निवडला होता. तंटा मिटायला हवा होता. पण जानोजींमागे तीन वर्षांनी, १७७५ मध्ये, पाचगावच्या लढाईत मुधोजींनी भाऊ साबाजींना मारलेच! पुढच्या पिढीत चांदा पुन्हा धाकट्याकडे, व्यंकोजींकडे गेला. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब १८१७ मध्ये नागपूरच्या गादीवर बसले. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केले आणि मे महिन्यात चांद्याचा किल्लाही घेतला.