एक माप

आमच्या बार्शीची आगगाडी १८९७ सालीं सुरू झाली, ती अडीच फुटी रुळांवर. कुर्डुवाडीस भेटणाऱ्या मोठ्या रेल्वेचे रूळ साडेपांच फुटी. म्हणून पुढें जाणारा माल तेथें एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावा लागे. दोष गाडीचा नव्हता, मापभेदाचा होता.

संगणकावरील लेखनाचेंहि आरंभीं असेंच होतें. मजकूर उचलण्याची व पुसण्याची रीत प्रत्येक प्रोग्रॅमांत निराळी. एकांत मुरलेला हात दुसऱ्यांत नवशिका ठरे. १९८४ सालच्या मॅकिंटॉशनें मजकूर-संपादनाची सामग्री यंत्राच्या रॉममध्येंच ठेवून ती सर्व प्रोग्रॅमांस खुली केली. कापणें, नक्कल करणें, चिकटविणें यांसाठीं त्याच कळा सर्वत्र चालूं लागल्या. आयबीएमनें १९८७ सालीं निराळ्या कळा नेमल्या. विंडोजनें पुढें दोन्ही पद्धती पत्करल्या.

मराठीची हमाली मात्र दुहेरी होती. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं इन्स्क्रिप्ट कळफलक ठरविला, तरी अक्षरांचे संकेत फाँटागणिक भिन्न राहिले; एकीकडे लिहिलेला लेख दुसरीकडे उघडला कीं निरर्थक चिन्हें दिसत. ती अडचण युनिकोडनें बहुतांशीं दूर केली.

बार्शीचा मार्गहि आतां रुंद झाला आहे. आपण कीर्ति गातों शोधकाची. परंतु सामान्य माणसाची हमाली वाचते ती चार शोधकांनीं एक माप मान्य केल्यावरच.