तळटीप : फ्युचरजेन प्रकल्प

मूळ मजकुरात ‘तंत्र फसले’ असा शेरा आहे. तो पटण्यासारखा नाही. कोळशाचा वायू करून वीज काढायची आणि कार्बन डायऑक्साइड जमिनीत खोल गाडायचा, असा हा 275 मेगावॉटचा अमेरिकी प्रकल्प 2003 मध्ये जाहीर झाला. 2006 मध्ये भारतही त्यात सामील झाला. इलिनॉयमधले मॅटून जागा म्हणून निवडल्यावर दीड महिन्यातच, जानेवारी 2008 मध्ये, खर्च जवळपास दुप्पट झाल्याचे सांगून अमेरिकी सरकारने अंग काढून घेतले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी पुढे दाखवले, की एका आकड्यात महागाई धरली होती, दुसऱ्यात नव्हती. खरी वाढ सुमारे 39 टक्के. म्हणजे तंत्राची परीक्षा झालीच नाही. (दुसरा अवतारही 2015 मध्ये सरकारी निधी थांबल्याने संपला.) मिसिसिपीतल्या अशाच केम्पर प्रकल्पाकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, हे तंत्र मुळात महागच. मान्य; पण 2017 मध्ये तिथे अडले ते कोळशाचा वायू करणे, कार्बन गाडणे नव्हे. श्रीरामपूरच्या वाचकाला प्रश्न वेगळा पडावा: आपल्याकडे कार्बन गाडता येईल का? मॅटूनच्या बाजूला खोलवर सच्छिद्र वाळूखडक आहे, आपल्याखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. आइसलंडमध्ये बेसाल्टात 2012 मध्ये सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बहुतेक भाग दोन वर्षांत खनिजरूप झाला खरा, पण टनामागे सुमारे 25 टन पाणी लागले. भंडारदरा धरणाच्या पाण्याच्या आवर्तनावर डोळे लावून बसलेल्या तालुक्यात ते आणायचे कुठून?