गाइड कॅप्टन

गाइड (वीरबाला) चळवळीत शालेय मुलींच्या तुकडीचे, म्हणजे 'कंपनी'चे, विनावेतन नेतृत्व करणारी प्रौढ स्वयंसेविका.

मुलींची स्वतंत्र गाइड संघटना ब्रिटनमध्ये 1910 साली अ‍ॅग्नेस बेडन-पॉवेल यांच्या पुढाकाराने स्थापन झाली (→ बेडन-पॉवेल, रॉबर्ट). भारतातील पहिली कंपनी 1911 मध्ये जबलपूरला निघाली. 1950 मध्ये भारत स्काऊट्स आणि गाइड्स ही संस्था स्थापन झाली आणि 1951 मध्ये भारतातील गाइड संघटना तीत विलीन झाली (→ बालवीर संघटना).

धाकट्या मुलींच्या बुलबुल गटाची प्रमुख फ्लॉक लीडर, मोठ्या मुलींच्या रेंजर गटाची रेंजर लीडर; या दोन वयोगटांमधील मुली कॅप्टनकडे असतात. कंपनीची विभागणी सहा ते आठ मुलींच्या टोळ्यांमध्ये, म्हणजे 'पेट्रोल'मध्ये, होते. पेट्रोलची प्रमुख मुलीच असते आणि कंपनीचे निर्णय पेट्रोल-प्रमुखांच्या मानसभेत होतात, त्यामुळे कॅप्टनचे काम आज्ञा देण्यापेक्षा बाजूला उभे राहून पाहण्याचे अधिक. दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, नकाशावाचन, तंबू उभारणे व तीन दगडांच्या चुलीवर रांधणे ती शिकवते. प्रवेशापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंतच्या टप्प्यांची तयारी करून घेते. तिचे स्वतःचे प्रशिक्षण मूलभूत व प्रगत शिबिरांतून होऊन हिमालय वुड बॅज या पात्रतेपर्यंत जाते. महाराष्ट्रात हे काम बहुधा शिक्षिकाच अध्यापनाच्या जोडीने करतात, म्हणून त्यातील स्वेच्छा आणि नेमणूक यांची सीमा पुसट असते.

चळवळीच्या जागतिक संघटनेचे 'संगम' हे केंद्र 1966 पासून पुण्यात आहे, तेथे देशोदेशीच्या स्वयंसेविका काम करतात (→ राष्ट्रीय सेवा योजना, स्वयंसेवी संस्था).