साथ, रुग्ण आणि आपली माणसं

मंडळी, साथीचा इतिहास म्हटलं की आपण मेलेल्यांचे आकडे सांगतो. आज आपण आजारी पडलेल्यांच्या मनाकडे बघू. सव्वाशे वर्षांपूर्वी 'मानसिक आरोग्य' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. पण लोक कशाला घाबरले आणि त्यांनी काय लपवलं, याच्या नोंदी आहेत. मन त्यातूनच वाचावं लागतं.

सिद्धेश्वरचा हा परिसर तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आपण बघणार आहोत ते इंग्रजी अमलातली मुंबई आणि पुणं. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा प्लेग उघडकीस आला. रोग्याला उचलायचं आणि इस्पितळात न्यायचं, असं धोरण ठरलं. 29 ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोड इस्पितळावरच हल्ला केला. तिथं रोग्यांना मारून टाकतात, अशी अफवा होती.

याला अडाणीपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण जरा त्यांच्या जागी उभं राहून बघा. आपला माणूस उचलून नेला, त्याचं पुढं काय झालं ते कळत नाही, आणि परत येणारे थोडे. मग अफवेला जागा मिळणारच. लोक रोगी लपवू लागले, शहर सोडून पळू लागले आणि प्लेग त्यांच्याबरोबर गावोगावी गेला.

पुण्यात मार्च 1897 मध्ये रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघरी शिरू लागले. रोगी इस्पितळात, घरचे सेग्रेगेशन कॅम्पात. म्हणजे ज्या घडीला माणसाला आधार हवा, त्याच घडीला तो तोडला गेला. पुढं 22 जूनला रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून प्लेग इस्पितळात स्त्रियांचे काय हाल होतात ते मांडलं, हे फारसं सांगितलं जात नाही.

यावर लोकांनी स्वतःच एक वाट काढली. पुण्यात टिळकांच्या पुढाकारानं हिंदू प्लेग इस्पितळ निघालं. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली इस्पितळं काढली. प्लेगवर हुकमी औषध तेव्हा कुणाकडेच नव्हतं. फरक होता तो ओळखीच्या चेहऱ्यांचा, सवयीच्या जेवणाचा आणि आपल्या रीतिरिवाजाचा. तेवढ्यानं इस्पितळाची धास्ती कमी झाली.

पण इथं एक प्रश्न विचारायलाच हवा. ज्याच्या समाजाकडे इस्पितळ काढण्याइतका पैसा नाही, त्याची 'आपली माणसं' कोण? याचं उत्तर सावित्रीबाई फुले यांनी दिलं होतं. डॉक्टर असलेल्या यशवंतरावांना बोलावून घेऊन त्यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथं आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. जातीची इस्पितळं ज्याच्यापर्यंत पोचत नव्हती, त्याच्यापर्यंत त्या चालत गेल्या.

आता अलीकडचं बघू. एप्रिल 2020 मध्ये मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव दलाचे जवान हिंगोलीत पॉझिटिव्ह निघाले आणि कोरोना आपल्या जिल्ह्यात वाढला. पुन्हा तेच सुरू झालं: विलगीकरण, दाराबाहेर थांबलेले नातेवाईक, बऱ्या झालेल्या माणसाकडे संशयानं बघणं. विलगीकरण चुकीचं होतं, असं मी म्हणत नाही. ते गरजेचंच होतं. पण आपण 'सोशल डिस्टन्सिंग' हा शब्द उचलला. मार्च 2020 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली होती, कारण अंतर शरीरात ठेवायचं आहे, नात्यात नाही. अस्पृश्यता पाहिलेल्या आपल्या समाजाला हा फरक आधी कळायला हवा होता.

ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन आहे, ती लक्षात ठेवा. पण रोज ठरल्या वेळी रुग्णाला फोन करणं, उंबऱ्यावर डबा ठेवणं, बरा होऊन आलेल्याला चहाला बोलावणं, ही कामं गावानंच करायची असतात. आणि पुढची साथ आली, तर पहिला डबा ज्याचं गावात कुणी नाही, त्याच्या दारात जायला हवा.