पास आउट

पास आउट : इंग्रजीतील एक ‘फ्रेझल व्हर्ब’, म्हणजे क्रियापदाला छोटासा शब्द जोडून तयार झालेले आणि वेगळाच अर्थ देणारे क्रियापद. ब्रिटन-अमेरिकेत त्याचा पहिला अर्थ शुद्ध हरपणे. भारतात मात्र ते ऐकले की आधी पदवी आठवते. ‘मी २०१९ची पास आउट’ असे पुण्यातली इंजिनिअर सहज सांगते, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी पडला की माणूस भोवळ येऊन कोसळतो. ‘ही पास्ड आउट इन द हीट’ म्हणजे उन्हाने त्याची शुद्ध हरपली. दारू पिऊन निपचित पडण्यालाही हेच क्रियापद वापरतात. येथे ‘ब्लॅक आउट’शी गल्लत होते, आणि ती टाळायला हवी. दारूमुळे येणाऱ्या ब्लॅकआउटमध्ये माणूस जागा असतो, बोलतो, चालतो. नंतर त्याला त्यातले काही आठवत नाही, एवढेच.

दुसरा अर्थ लष्करी : प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडणे. ब्रिटिश सैन्यात आणि पोलिसांत रुळलेला हा प्रयोग भारतीय सेनादलांत आजही जिवंत आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दर सत्राच्या शेवटी खेत्रपाल मैदानावर ‘पासिंग आउट परेड’ होते. मराठी वृत्तपत्रे तिला ‘दीक्षांत संचलन’ म्हणतात. छात्र आणि त्यांचे आईवडील नुसते ‘पीओपी’. ३० मे २०२५ रोजी याच मैदानावरून १७ मुलींची पहिली तुकडी पास आउट झाली.

कवायतीच्या मैदानावर हे दोन्ही अर्थ कधी शेजारी शेजारी उभे राहतात. १० जून २०२३ रोजी लंडनमध्ये प्रिन्स विल्यम यांच्यासमोर संचलनाची तालीम चालू असताना लोकरी डगले आणि अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घातलेले काही सैनिक उकाड्याने कोसळले. पारा ३० अंशांच्या घरात होता. ते पास आउट झाले, ते पहिल्या अर्थाने.

कॉलेजचा भारतीय अर्थ या लष्करी प्रयोगातूनच पसरला असावा. मराठीत तो पटकन रुजण्याला घरचा आधारही आहे : ‘फर्ग्युसनमधून बाहेर पडलो’ असे आपण म्हणतोच. भारतीय इंग्रजीत हा अर्थ इतका पक्का झाला आहे की त्याला चूक ठरवणे अन्यायाचे होईल. मात्र परदेशी विद्यापीठाला किंवा कंपनीला अर्ज करताना ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावे. ‘आय पास्ड आउट इन २०१९’ या वाक्याने तिथला वाचक बुचकळ्यात पडतो. पुढे ‘फ्रॉम’ आणि संस्थेचे नाव असले तर संदर्भाने अर्थ लागतो.

तिसरा अर्थ वाटणे. परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक प्रश्नपत्रिका ‘पास आउट’ करतात. या अर्थी क्रियापद सकर्मक होते आणि त्याचे दोन तुकडे फाकवता येतात : ‘पास आउट द पेपर्स’ किंवा ‘पास द पेपर्स आउट’. कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच बसते, ‘पास देम आउट’. ‘पास आउट देम’ कोणी म्हणत नाही. शुद्ध हरपण्याच्या अर्थी कर्मच नसल्याने हा प्रश्न येत नाही.

ब्रिजच्या डावात चारही खेळाडूंनी बोली न लावता पास म्हटले, तर तो डावही ‘पास्ड आउट’ होतो. पत्ते न खेळताच पुढची वाटणी केली जाते.