लॅपटॉपची बदली

पौडवरून मुळशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक शाळा आहे. २०१० साली तेथे शिक्षकांच्या शिबिरासाठी आम्ही दोघे गेलो होतो. पुण्यातून निघताना लॅपटॉपवर सारे काही ठीक चालत होते. शाळेत मोडेमची तार जोडली, हिरवा दिवाही लागला, पण एक पान उघडेना. समोर तीसेक शिक्षक बसलेले आणि दाखवायची उपग्रहचित्रे सगळी संस्थेच्या संगणकावर. तासाभराने आम्ही हार मानली आणि सह्याद्रीचा नकाशा खडूने फळ्यावर काढला.

दोष शाळेच्या तारेचा नव्हता. लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलेल्या, आमच्याच संस्थेतून मिळालेल्या चिठ्ठीत तो होता. चिठ्ठीवर पाच ओळी होत्या. आमच्या यंत्राचा पत्ता, पत्त्याचा कोणता भाग जाळ्याचा व कोणता यंत्राचा हे सांगणारा आकडा, बाहेर जाण्याचे दार, नावांवरून पत्ते शोधून देणारा संगणक आणि शेवटी ज्याच्या हातूनच सारी पाने मागवायची तो मध्यस्थ. हे पाचही आकडे आमच्या टेबलाजवळच्या भिंतीतील तारेला लागू होते. मुळशीत त्यांना काही अर्थ नव्हता.

शिक्षकांना ही गोष्ट बदलीच्या उदाहरणाने चटकन समजते. बदली झाली तरी सेवापुस्तक तेच राहते, टपालाचा पत्ता मात्र बदलतो. प्रत्येक लॅपटॉपलाही कारखान्यातच ४८ बिटांचा एक क्रमांक मिळालेला असतो. ते त्याचे सेवापुस्तक. आयपी पत्ता हा टपालाचा पत्ता. यंत्र कोण आहे यापेक्षा ते कोठे आहे, हे तो सांगतो. आम्ही पुण्याच्या पत्त्यावर मुळशीत पत्रे मागवत बसलो होतो.

पत्ता जागेशी बांधण्यात रचनाकारांची चूक झाली असे म्हणता येणार नाही. आयपीचे नियम १९८१ साली ठरले आणि १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट त्यांवर चालू लागले. त्या काळचे संगणक उचलून कोणी गावोगाव नेत नसे. आपल्याकडे १९८६ साली अर्नेट सुरू झाले, ते पाच आयआयटी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा आठ ठिकाणी. पुढे पुण्यात आयुकामधील शास्त्रज्ञांचे ई-मेल पत्तेही ‘अर्नेट डॉट इन’ने संपत. कोणत्या खोलीतील यंत्राला कोणता आकडा, हे वहीत लिहून ठेवता येई आणि तेवढ्याने काम भागे.

वही सांभाळणे जड होऊ लागले ते यंत्रे वाढल्यावर. १९८४ साली पहिला उपाय निघाला. चालू झालेले यंत्र आपला क्रमांक पुकारी आणि जाळ्यावरील एखादा संगणक यादी पाहून त्याचा पत्ता सांगे. पण केवळ पत्ताच. दार कोणते हे नाही. १९८५ च्या ‘बूटपी’ने तेही सांगण्याची सोय केली, मात्र यादी माणसानेच भरायची. नवखे यंत्र आले की त्याची नोंद नाही, म्हणून पत्ता नाही.

ही अडचण सुटली १९९३ साली. अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांच्या नावाने ‘डीएचसीपी’चे नियम प्रसिद्ध झाले. पत्ता कायमचा न देता मुदतीने उसना द्यायचा, ही त्यातली कल्पना आमच्या मते फार मोलाची. नवे यंत्र सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारते, “मला कोणी पत्ता देईल का?” वाटप करणारा संगणक म्हणतो, “हा घे.” यंत्र “हाच घेतो” असे कळवते आणि पलीकडून पावती मिळते. अर्धी मुदत सरली की यंत्र आपणहून नूतनीकरण मागते. ते निघून गेले तर मुदतीनंतर तोच पत्ता दुसऱ्याला देता येतो. वाचनालयातले पुस्तक इतक्या शिस्तीने परत येते का, हे ग्रंथपालांना विचारावे.

आम्ही शाळेत ‘आपोआप पत्ता घ्या’ ही खूण करून पाहिली होती. पत्ता मिळालाही. पण चिठ्ठीतील चौथी आणि पाचवी ओळ तशीच राहिली होती, हे परतीच्या बसमध्ये लक्षात आले. त्यात दुसऱ्या दिवशी संस्थेत ‘आपोआप’ चालेना, कारण तेथे वाटप करणारा संगणकच नव्हता. २००१ च्या विंडोज एक्सपीत यावर उपाय होता. आधी पत्ता मागून पाहायचा, कोणीच दिला नाही तर चिठ्ठीतला वापरायचा. ‘पर्यायी जुळणी’चे ते पान आम्ही तोवर उघडलेही नव्हते. ब्राउझरमधील मध्यस्थाचे नाव मात्र त्यानंतरही प्रत्येक वेळी हातानेच बदलावे लागे.

बिनतारी जाळ्यांमुळे हा प्रश्न घरोघरी पोचला. वाय-फायचे पहिले प्रमाण १९९७ सालचे. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणे परवान्याविना वापरण्याची मुभा देणारे नियम जानेवारी २००५ मध्ये आले. हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे. दिवसा कार्यालयाच्या तारेवर आणि रात्री घरच्या वाय-फायवर असा लॅपटॉपचा प्रवास तेथे रोजचाच. तार आणि वाय-फाय दोन्ही जोडलेली असतील तर यंत्र सहसा तारेला पसंती देते. मात्र मोठी फाइल उतरत असताना तार काढली तर काम बहुधा तुटते, कारण पलीकडच्या संगणकाने संवाद जुन्या पत्त्याशी बांधलेला असतो. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पत्रे नव्या गावी पाठवत राहावे, तशी ‘मोबाइल आयपी’ ही योजना १९९६ सालीच मांडली गेली. ती फारशी रुजली नाही.

आणि आता सेवापुस्तकही स्थिर राहिलेले नाही. कारखान्याच्या क्रमांकावरून माणसाचा माग काढता येतो. म्हणून २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक जाळ्याला स्वतःचा वेगळा, बनावट क्रमांक सांगतात. ज्या शाळांनी वाय-फायवर नोंदलेल्या क्रमांकांनाच प्रवेश ठेवला आहे, तेथे नवा फोन घेतलेल्या शिक्षकाला दार बंद मिळाले, तर यादी तपासण्याआधी त्या फोनमधील ‘खासगी पत्ता’ ही खूण त्या जाळ्यापुरती काढून पाहावी.