मनगटातली नळी आणि हात जाण्याची भीती

स्टीफन हेल्सने घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून रक्त आठ फुटांहून वर चढल्याचं १७३३ मध्ये प्रसिद्ध केलं. शस्त्रक्रियेत रक्तदाब मोजण्यासाठी माणसाच्या मनगटातल्या धमनीत नळी ठेवणं मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलं, आणि सोबत भीती आली: गुठळीने धमनी बुजली तर हात जाईल. त्यावर उपाय म्हणून १९२९ची ॲलन चाचणी थोडी बदलून उचलली गेली. मूठ आवळायची, मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबायच्या आणि करंगळीकडची सोडल्यावर पांढराफटक तळवा लाल होतो का, ते पाहायचं. ही चाचणी मुळात रक्तवाहिन्यांच्या एका आजाराच्या निदानासाठी होती. नळीची पहारेकरी म्हणून तिच्यावर टाकलेला विश्वास माझ्या मते अवाजवी ठरला. १९८३ मध्ये स्लोगॉफ आणि सहकाऱ्यांनी हृदय व रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांतले १,६९९ रुग्ण तपासले. पाव हिश्शाहून अधिक जणांची धमनी अंशतः किंवा पूर्ण बुजली होती, तरी त्यामुळे एकाही हाताला इजा झाली नाही. चाचणीत दोष दिसलेल्यांच्याही नाही.

मग बोटं काळी पडल्याच्या नोंदी खोट्या का? मुळीच नाहीत. पण शस्त्रक्रियेआधीचा लाल तळवा पुढच्या रात्रीची हमी देत नाही. रक्तदाब कोसळतो, तो सावरणारी औषधं रक्तवाहिन्या आकसवतात. अशा रुग्णाची बोटं वारंवार पाहणं आणि ती गार किंवा फिकट दिसताच नळी काढणं अधिक मोलाचं.